पेशींना दात नसतात

वॉर्डन धोटे मॅडमनी स्वतःच्या पलंगावरची चादर आणून जेवणखोलीच्या भिंतीला ठोकली, खिडक्यांवर घोंगड्या अडकवल्या आणि भर दुपारी आमच्या वसतिगृहात अंधार केला. सगळ्या मुली जेवायला बसतो तशाच रांगेनं मांडी घालून बसल्या होत्या. कार्टून आहे एवढं एकच सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे धाकट्या पोरींनी पुढची जागा सकाळपासूनच अडवून ठेवली होती.

"सुरू करण्याआधी एक विचारते," डॉ. तुमसरे म्हणाल्या. रक्त तपासायला पथक आलं होतं, त्याच्या त्या प्रमुख. "सिकलसेल हे नाव कोणी ऐकलंय का?"

मी हात वर केला.

"मी ऐकलंय. मला आहे तो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या शेजारी निर्मला मोहुर्ले बसली होती, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रोजेक्टरजवळ पुण्याहून आलेले सबनीस सर उभे होते. सिनेमा त्यांनी बनवला होता. "शाब्बास! धीट आहे हं मुलगी," ते म्हणाले, आणि मला ते आवडलं.

मी हात का वर केला ते सांगायला हवं. मी दहावीत होते. थंडी पडली, पाणी कमी प्यायले की माझे गुडघे, कंबर, पाठ अशी दुखायची की मी पांघरूण तोंडात कोंबून पडून राहायचे. ताप नाही, जखम नाही, सूज नाही. दाखवायला काही नव्हतं. त्यामुळे "उत्पला मेश्रामचं नाटक सुरू झालं" असं सगळ्या म्हणायच्या, आणि कवायतीच्या बाई तर तोंडावर म्हणायच्या. आजाराचं नाव फक्त धोटे मॅडमना आणि निर्मलाला माहीत होतं. डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "उद्याची फिल्म बघितली ना, की तुला नेमकं काय होतं ते सगळ्यांना समजेल." मी त्या सिनेमाची वाट पाहत होते. माझ्या बाजूनं कोणीतरी साक्ष द्यायला येणार आहे असं मला वाटलं होतं.

सिनेमा सुरू झाला. लाल, गुबगुबीत, गोल पेशी हातात हात घालून रक्ताच्या गल्लीतून गाणं म्हणत चालल्या होत्या. धाकट्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मग ढोल वाजले आणि कोपऱ्यावरून वाकड्या आला. त्याचं नावच वाकड्या होतं. काळाकुट्ट, विळ्यासारखा, डोळे तांबडे, मिशा पिळलेल्या आणि तोंडभर दात. तो हसायचा तेव्हा ते दात चमकायचे. त्यानं एका गोल पेशीच्या खांद्यावर हात ठेवला. ती थरथरली, काळी पडली, वाकली, आणि तिलाही दात फुटले. मग दोघांनी मिळून आणखी दोघींना धरलं. बघता बघता सगळी गल्ली काळी झाली आणि सगळे मिळून ते हसणं हसायला लागले. पोरी आधी किंचाळत हसत होत्या, मग हळूहळू गप्प झाल्या. शेवटी एक गोड आवाज म्हणाला, "वाकड्यापासून सावध राहा! आजच रक्त तपासून घ्या!"

घोंगड्या निघाल्या. ऊन आत आलं. सबनीस सर टाळ्यांची वाट पाहत उभे होते. मुली मात्र माझ्याकडे पाहत होत्या, आणि निर्मलाचा हात माझ्या गुडघ्यावर नव्हता.

"ताई," पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "तुह्या अंगात तसे किती आहेत?"

मागून कोणीतरी वाकड्याचं हसणं हसून दाखवलं. अगदी हुबेहूब.

संध्याकाळी जेवायला बसले तर माझ्या दोन्ही बाजूंना जमीन रिकामी. निर्मला आपलं ताट घेऊन भिंतीकडे गेली होती. आम्ही दोघी आल्या दिवसापासून एका ताटात जेवायचो. मी उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काहून वं?"

"माह्या मायनं सांगतलं, दूर बसजो म्हणून."

"तुही माय गावात आहे. तुले कधी सांगतलं तिनं?"

ती खाली बघून भात कालवत राहिली. मग म्हणाली, "तूच पाहिलं ना सिनेमात. हात लावला का होते."

"दोन वर्षं माह्या ताटात जेवली तू. झालं का काही?"

"तवा माहीत नव्हतं."

"नाव माहीत होतं तुले."

"नाव माहीत होतं," ती म्हणाली. "त्याले दात असते हे नव्हतं माहीत."

मी न जेवताच ताट घासून ठेवलं. रडायला येत नव्हतं. डोकं तापलं होतं नुसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात टेबल मांडलं. सुया, कापूस, काचेच्या नळ्या, दोन खुर्च्या, आणि तपासणारा माणूस हातमोजे घालून बसलेला. एकही मुलगी आली नाही. कोणी न्हाणीघरात कडी लावून बसल्या, कोणाच्या अचानक पोटात दुखायला लागलं. धोटे मॅडम ओरडून ओरडून दमल्या. पोरींचा हिशेब साधा होता, जिच्यात निघेल तिला घरी पाठवतील.

आणि तो हिशेब काही चुकलेला नव्हता. मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं.

"उत्पला, तुझ्या वडलांना निरोप धाडलाय. थोडे दिवस घरी जाऊन ये."

"मॅडम, परीक्षा आहे."

"माहीत आहे मला. पण आज बाजाराचा दिवस, पालक येतात. सकाळीच एक बाई भांडून गेली. तिच्या पोरीला म्हणे तुझ्याच नळाचं पाणी प्यावं लागतं. वातावरण निवळलं की मीच बोलावून घेईन."

धोटे मॅडम वाईट नव्हत्या. पण थोड्या दिवसांसाठी घरी गेलेल्या मुली मी पाहिल्या होत्या. आदल्या वर्षी एक शारदा गेली होती, आईचं बाळंतपण म्हणून. तिची पेटी न्यायला तिचा नवरा आला होता.

दुपारी बाबा आले. ते राईस मिलवर मशीन चालवायचे. उंचपुरे, दणकट, तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन सरळ चालणारे. मॅडमनी हळू आवाजात सगळं सांगितलं आणि बाबांनी त्यावर जे उत्तर दिलं ते मला पाठ होतं.

"पोरीची काही चूक नाही मॅडम. तिच्या मायच्या घरचं आहे हे. आमच्या घराण्यात कोणाले नाही. आमचं रक्त साफ आहे."

आमच्या घरी हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होते. माझ्या आधीचा भाऊ, सुगत, पाच वर्षांचा होऊन गेला. दुखतंय दुखतंय म्हणत गेला. माणसं अंगणात जमली होती आणि बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे हिच्या माहेरचं विष आहे. मी तेव्हा मायच्या मांडीवर होते, म्हणजे मला आठवायचं कारण नाही. पण आत्या, काकू, शेजारपाजार, कोणी ना कोणी दर वर्षी ते आठवून द्यायचंच. माय त्यावर काही बोलायची नाही. चूल फुंकायला वाकायची.

"चाल, पेटी भर," बाबा मला म्हणाले.

"मी येत नाही."

"पोरी, इथं तुह्या शेजारी कोणी बसून नाही राहिलं म्हणते—"

"ताट सरकवलं माह्यापासून," मी म्हणाले. "निर्मलानं."

बाबांचा चेहरा एकदम बदलला. मानेवरची शीर उभी राहिली. "ताट सरकवलं? अरे, माह्या आज्यापासून सरकवत होते लोक ताटं! आज माह्या पोरीपासून? होस्टेलात?" ते दरवाजाकडे निघाले, मॅडम मध्ये आल्या, आणि त्यांचा सगळा राग फिरून पुन्हा माझ्यावर आला. "एक घडी नाही राहायचं इथं. भर पेटी. नाही शिकली तर नाही शिकली."

म्हणजे माझ्या बाजूनं जो एकटा माणूस पेटला, तोही मला शाळेतूनच काढायला निघाला होता. मी व्हरांड्यात गेले.

तिथे सबनीस सर वायरी गुंडाळत होते. तपासणी होत नाही म्हटल्यावर त्यांचाही मूड गेला होता. ते डॉक्टरांना सांगत होते, "डॉक्टर, प्रॉब्लेम मानसिकतेचा आहे. यांना कितीही सोपं करून सांगा, शेवटी अंधश्रद्धा ती अंधश्रद्धा."

मी तिथेच थांबले. "सर, एक विचारू?"

"विचार ना बाळ."

"तुमच्या सिनेमात वाकड्या दुसऱ्या पेशीला हात लावतो आणि ती वाकडी होते. हे खरं आहे का?"

ते हसले. "हे बघ, ते रूपक आहे. मुलांना गोष्ट लागते. आणि गोष्टीत एक दुष्ट माणूस लागतो, नाहीतर कोण बघणार?"

"तो दुष्ट माणूस माझ्या अंगात राहतो, सर."

"छान बोलतेस तू," ते म्हणाले. त्या क्षणी त्यांचा लॅपटॉप उचलून विहिरीत टाकावा असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

"खरं आहे का, ते सांगा."

ते डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉ. तुमसरे खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. "नाही," त्या म्हणाल्या. "माणसापासून माणसाला तर होतच नाही. पण एका अंगातसुद्धा एक पेशी दुसरीला असं करत नाही. जी वाकते ती आपली आपण वाकते. तिची घडणच तशी असते, जन्मापासून."

"मग तुम्ही ही फिल्म चालवून कशी घेतली?"

"उत्पला!" मागून धोटे मॅडम ओरडल्या.

"विचारू द्या तिला," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पडला होता. "मी फक्त संहिता तपासली होती. तिच्यात 'पेशी वाकड्या होतात' एवढंच होतं, आणि ते बरोबर होतं. चित्रं नंतर झाली. ती मीही कालच पाहिली."

"अहो, पण पडद्यावर काहीतरी घडायला नको का?" सबनीस सर वैतागले. "पेशी आपली उभ्या उभ्या वाकतेय, यात बघायचं काय? ॲनिमेशनमध्ये कारण दिसावं लागतं. एकानं दुसऱ्याला धरलं की प्रेक्षकाला फटकन समजतं."

"काय समजतं?"

ते पुन्हा वायर गुंडाळायला लागले.

"हे समजलं," मी म्हणाले आणि त्या दोन रिकाम्या खुर्च्या दाखवल्या. "आणि ते." दारात बाबा माझी पेटी घेऊन उभे होते. "काल दुपारपर्यंत मी नाटक करणारी होते सर. तुम्ही सोपं करून सांगितलं आणि मी राक्षसीण झाले. आता मला घरी नेतायत. तुम्ही पुण्याला जाणार, उद्या दुसऱ्या शाळेत हेच लावणार, तिथेही माझ्यासारखी एखादी हात वर करेल."

"हे बघ, मी आता लगेच काही बदलू शकत नाही. एकेक चित्र काढायला..."

"चित्र राहू द्या. आवाज बंद करा आणि पुन्हा लावा. मी बोलते."

"तमाशा नको, उत्पला," धोटे मॅडम म्हणाल्या.

"चाल पोरी," बाबा म्हणाले.

"लावा, सबनीस," डॉक्टर म्हणाल्या.

"डॉक्टर, ही फिल्म माझी—"

"लावा."

पुन्हा घोंगड्या लागल्या. मुलींना मॅडमनी अक्षरशः हाकून आणलं. त्या माझ्यापासून लांब, भिंतीला चिकटून बसल्या. मी चादरीशेजारी उभी राहिले. बाबा दारात, हातात पेटी.

गोल पेशी आल्या, तोंडं हलवत. गाणं नव्हतं. मग वाकड्या आला आणि दात काढून मुकाट हसायला लागला. आवाजाशिवाय तो बावळट दिसत होता, हे मला तेव्हाच कळलं.

"पेशीले दात नसते," मी म्हणाले. शाळेची भाषा कुठल्या कुठे गेली होती. "तोंड नसते, मिशा नसते, डोळे नसते. रक्त आहे ते. ज्यानं हे चित्र काढलं त्यानं दात काढले. माह्या अंगात कोणी हसत नाही. दुखते तवा फक्त मीच ओरडतो."

कोणीतरी फिसकन हसलं. मी थांबले नाही.

"अन् हा कोपऱ्यावरून चालत येऊन राहिला ना? माह्याकडं कोणी चालत नाही आलं. मी जन्मली तवाच होता. मायच्या पोटातून सोबत आला. गोल पेशी कशी बारक्या नळीतून सर्रकन जाते, ही वाकडी अडकते. अडकली का मागच्याही अडकते. जिथं अडकते तिथं दुखते. म्हणून पाणी प्या म्हणते डॉक्टर, म्हणून थंडीत स्वेटर घालतो मी. नाटक म्हणून नाही."

चित्र पुढे सरकत होतं. वाकड्यानं हात उचलला.

"थांबवा!"

सबनीस सरांनी बटण दाबलं. काळा हात गोल खांद्यावर तसाच थिजला.

"आता सर सांगतील," मी म्हणाले. "हे खरं का खोटं, ते सर सांगतील."

सर काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं."

"असं होत नाही," सबनीस सर म्हणाले. "हात लावल्यानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही. आम्ही... मी चुकीचं दाखवलं. बघायला मजा यावी म्हणून."

मला त्यांची दया आली नाही. सगळ्यांसमोर आपली चूक सांगायला किती जड जातं ते त्यांच्याकडे पाहून दिसत होतं, आणि मला ते बरंच वाटलं.

मी तिथेच थांबायला हवं होतं कदाचित. मुलींचा प्रश्न सुटला होता. पण माझा राग सबनीस सरांवर सुरू झाला तरी त्यांच्यापाशी संपणारा नव्हता. तो त्यांच्यापेक्षा जुना होता. मी दाराकडे तोंड केलं.

"एक राहिलं सांगायचं. हे एकाकडून येत नाही. अर्धं मायकडून येते, अर्धं बापाकडून. दोन्ही अर्धे मिळाले तरच माह्यासारखं होते. माह्या भावासारखं होते. एकट्या मायकडून आलं असतं तर मले काही झालं नसतं. मी आज कवायत करून राहिली असती. अन् सुगत जिवंत असता."

हे मला वर्षभरापासून माहीत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला आणि मायला समोर बसवून सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये माय माझा हात धरून म्हणाली होती, "घरी नोको सांगू. ऐकून घेणार नाहीत, अन् तुही शाळा जाईन." मी तिचं ऐकलं होतं. आता शाळा अशीही चाललीच होती.

दारात पेटी आदळली.

"डॉक्टरीणबाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "माहं रक्त पाहा. आत्ता पाहा. सगळ्यायच्या पुढं. पोट्टीले कोणीतरी भलतंच शिकवलं. साफ निघते का नाही पाहून घ्या, मंग मी तिले घरी नेतो."

सगळा जमाव व्हरांड्यात आला. ज्या पोरी सकाळपासून लपल्या होत्या त्या आता टेबलाला खेटून उभ्या. तपासणाऱ्या माणसानं आधी आपलंच बोट टोचलं, नळीतल्या पाण्यासारख्या औषधात थेंब टाकला, हलवली आणि मागे एक कागद धरला. कागदावर काळ्या रेषा होत्या. नळीतून त्या स्वच्छ दिसत होत्या.

"रेषा दिसल्या की काही नाही," तो म्हणाला. "नाही दिसल्या, तर आहे. थोडं तरी आहे."

मग त्यानं बाबांचं बोट टोचलं. थेंब टाकला. हलवून नळी उभी ठेवली. आम्ही सगळे थांबून पाहत होतो. नळी हळूहळू गढूळ होत गेली, पेजेच्या पाण्यासारखी. त्यानं कागद मागे धरला.

"रेषा कुठं गेल्या?" त्याच चिमुरडीनं विचारलं.

बाबांनी नळी त्याच्या हातातून घेतली, उन्हात धरली, डोळे बारीक केले. "ही नळी खराब असन," ते म्हणाले. "दुसरी घ्या."

दुसरी घेतली. तीही गढूळ झाली.

"तुम्ही आजारी नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "तुम्हाला याचा कधीच त्रास झाला नसेल. नमुना पक्का करायला आम्ही पुढे पाठवू. पण तुम्हालाही हिचाच आजार असता तर तुम्ही आज पोती उचलत नसता. म्हणजे तुमच्यात अर्धंच आहे. आणि ते हिला मिळालंय."

बाबा माझ्या पेटीवर बसले.

त्यानंतर मुलींची रांग लागली. कोणाला समजवावं लागलं नाही. एवढा धडधाकट माणूस, ज्याच्या रक्तात ते आहे, तो समोर बसलाय आणि त्याला दात फुटलेले नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. सबनीस सर त्या नळ्यांकडे आणि रेषांच्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत उभे होते. मॅडमनी माझी पेटी उचलून स्वतः आत नेली. निर्मलाही रांगेत होती. तिच्या नळीतून रेषा स्वच्छ दिसल्या. मला वाईट वाटलं, खरं सांगते. नळी गढूळ व्हायला हवी होती असं मला वाटलं. पुढे ती ताट घेऊन माझ्याजवळ आली तेव्हा मी माझं ताट उचलून भिंतीकडे गेले. आम्ही नंतर बोलायला लागलो, तिच्या लग्नालाही मी गेले, पण एका ताटात पुन्हा जेवलो नाही.

सिनेमाचंही सांगून टाकते. त्यांनी तो बदलला. नव्यात पेशींना तोंडं नव्हती, वाकड्या नव्हता, काचेची नळी होती आणि तिच्यामागे रेषा होत्या. बोलणं माझ्या आवाजात घेतलं. रेकॉर्डिंगच्या वेळी सबनीस सर काचेपलीकडून म्हणाले, "जरा गोड बोल ना बाळ." मी नाही म्हणाले. ते हसले नाहीत, "बरं" म्हणाले. आज मी ज्या सिकलसेल केंद्रात समुपदेशक आहे तिथे तो अजून लावतो, आणि त्यातली मुलगी अजून चिडलेलीच आहे.

पण ती दुपार तिथे संपली नाही. मी बाबांना म्हणाले, "आज मी घरी येते. उद्या तुम्हीच मला परत आणून सोडायचं." त्यांनी मान हलवली. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. बोटाला कापूस तसाच चिकटलेला होता.

उतरलो तेव्हा उजेड होता. माय अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. मला बघून तिचे हात थांबले.

"काढलं शाळेतून?"

"नाही," मी म्हणाले. "उद्या जातो परत. बाबाले काही सांगायचं आहे."

बाबा रांजणाकडे गेले. पाय धुतले. पाणी प्यायले. पुन्हा पाय धुतले. "उद्या बोलू," म्हणाले.

"बाबा," मी म्हणाले. "तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगतो."

ते मायकडे न बघता सुपाकडे बघत बोलले. "रक्त पाहिलं माहं. माह्याकडूनबी आहे म्हणते. अर्धं."

"काय अर्धं?"

"हिचं. अन् सुगतचं."

मला वाटलं माय रडेल. तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठली. ती माझ्या खांद्यापर्यंत होती, बाबांच्या छातीपर्यंत. तिनं त्यांच्या बोटाचा कापूस काढून पाहिला, जणू त्यावरच ते लिहिलेलं होतं, आणि टाकून दिला. मग ती कुंपणापाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा चढा आवाज ऐकला.

"वो आत्याबाई! वो काकू! या इकडं! समद्या या!"

"कायले बोलावते लोकायले?" बाबा म्हणाले.

"सुगत गेला तवा इथंच उभे होते तुम्ही," माय म्हणाली. "याच जागी. समद्यायले सांगतलं होतं. आताबी इथंच उभं राहून सांगा."

आत्या आली, काकू आली, पलीकडची दोन घरं कुंपणाशी आली. काय झालं, काय झालं, सगळे विचारत होते. बाबा अंगणाच्या मधोमध उभे होते. त्यांनी घसा साफ केला आणि खाली बघत काहीतरी बोलायला सुरुवात केली.

दुपारी माय वसतिगृहात नव्हती. मी सबनीस सरांना काय म्हणाले ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मोठ्यानं," माय म्हणाली.